चाळीची खोली आणि आमचा इतिहास

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ला लिहिला, गोदी लिहिली, गिरण्या लिहिल्या, गिरणीमालकांची चरित्रे लिहिली. संपांचा इतिहासही थोडाफार लिहिला गेला. पण संप करणारा माणूस संध्याकाळी ज्या खोलीत परत जात होता, त्या खोलीचा इतिहास कोणी फारसा मनावर घेतला नाही. आणि त्या माणसाच्या जातीमुळे ही खोली त्याला मिळत होती की नाकारली जात होती, हा प्रश्न तर इतिहासाच्या पुस्तकांत जवळजवळ नाहीच. मराठी मध्यमवर्गाला चाळ ठाऊक आहे ती 'बटाट्याची चाळ'मधली. १९५८ साली आलेल्या त्या पुस्तकाने चाळ हा हसण्याचा आणि हळहळण्याचा विषय केला. ती चाळ पांढरपेशांची होती. परळ, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळीची चाळ निराळी. तिच्यात हसणे नव्हते असे नाही; पण तिच्यात राहणाऱ्याला आधी तिच्यात शिरावे लागले होते, आणि ते शिरणे हाच एक संघर्ष होता.

आज वरळीतल्या जुन्या चाळी पडत आहेत आणि त्यांच्या जागी चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. अशा वेळी हा इतिहास नीट मांडून ठेवणे आवश्यक आहे. कारण 'सरकारी जागेत वर्षानुवर्षे नाममात्र भाड्यात राहिलेल्यांना आता शहराच्या मध्यभागी फुकट घरे मिळत आहेत' अशी भाषा ऐकू येऊ लागली आहे. ही भाषा इतिहास माहीत नसल्याने येते, किंवा माहीत असून तो पुसायचा असल्याने येते.

एक

मुंबईत सार्वजनिक पैशातून गरिबांसाठी घरे बांधण्याची सुरुवात दयेतून झाली नाही, भीतीतून झाली. १८९६ साली मांडवी भागात प्लेग दिसला. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडण्याची वेळ आली, व्यापार बसला. प्लेगचे मूळ कोंदट वस्त्यांत आहे असे सरकारने ठरवले, आणि १८९८ साली मुंबई शहर सुधारणा न्यास, म्हणजे लोकांच्या तोंडी राहिलेला 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाला. या ट्रस्टने नागपाड्यासारख्या भागांत जुनी घरे पाडली, रुंद रस्ते काढले आणि काही ठिकाणी चाळी बांधल्या. त्याच बीआयटी चाळी. पण पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या होत्या. ज्यांचे घर पडले तो कामगार शेजारच्या आणखी दाट वस्तीत शिरला. 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ गरिबाला शहरातून हलवणे असाही होऊ शकतो, हा धडा मुंबईने तेव्हाच घेतला आणि पुढे कधी विसरली नाही.

या काळात कोकणातून आणि घाटावरून अस्पृश्य माणूस मुंबईत येत होता. गोदीत, रेल्वेत, गिरणीत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात त्याला काम मिळत होते. काम मिळण्यातही जात होती. गिरणीत त्याला सूतकताईच्या खात्यात घेत. जास्त मजुरीच्या विणाई खात्यात घेत नसत. कारण असे दिले जाई की, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तो याच अनुभवातून.

कामात जी जात होती तीच निवाऱ्यात होती. बर्नेट-हर्स्ट या अभ्यासकाचे मुंबईच्या मजुरांविषयीचे आणि त्यांच्या घरांविषयीचे पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात झावळ्यांच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांची वर्णने आहेत, आणि या झोपड्यांत राहणाऱ्यांत अस्पृश्यांचा भरणा आहे. खाजगी चाळीचा मालक किंवा त्याचा भाडे वसूल करणारा माणूस खोली देताना आधी गाव विचारी, मग आडनाव विचारी. या दोन प्रश्नांत तिसरा प्रश्न विचारण्याची गरज उरत नसे. पगार आहे, भाडे आगाऊ द्यायची तयारी आहे, आणि तरीही खोली नाही, हा अनुभव सवर्ण गरिबाच्या वाट्याला आला नाही. गरिबी दोघांचीही होती. बंद दार एकाचेच होते.

याला शिक्षणाचा उतारा चालत नव्हता. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ते राहिले, तेथून त्यांना हाकलण्यात आले, आणि शेवटी नोकरी सोडून ते मुंबईला परतले. परतले कोठे? परळच्या बीआयटी चाळीत. संस्थानच्या राजधानीत ज्या विद्वानाला छप्पर मिळाले नाही, त्याला मुंबईच्या कामगार चाळीत मिळाले. या एका गोष्टीत या चाळींचे आपल्या इतिहासातील स्थान कळते.

दोन

परळची बीआयटी चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. सुमारे दोन दशके बाबासाहेबांचे कुटुंब या पत्त्यावर होते. १९३४ साली ते दादरच्या राजगृहात राहायला गेले. म्हणजे 'मूकनायक', बहिष्कृत हितकारिणी सभा, 'बहिष्कृत भारत', महाडचा सत्याग्रह, नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार हे सारे घडले त्या काळात त्यांचे घर चाळीत होते. रमाईंचा संसार, मुलांची आजारपणे आणि मृत्यू, पैशाची ओढाताण हे सर्व या खोल्यांनी पाहिले.

आपण या गोष्टीकडे बहुधा भक्तिभावाने पाहतो. थोर माणूस साध्या जागेत राहिला, एवढाच अर्थ काढतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याहून पुढे जायला हवे. चाळ ही चळवळीची भौतिक अट होती. १९२० साली 'मूकनायक' परळच्या पोयबावाडीतून निघाला, कारण त्याचे वाचक आणि त्याहून अधिक त्याचे ऐकणारे चालत जाण्याच्या अंतरावर होते. एक जण वाचत असे आणि व्हरांड्यात बसलेले दहा जण ऐकत असत. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी झाली. बैठकीला माणसे जमवायला पत्रके छापण्याची गरज नव्हती. पाळी सुटली की निरोप मजल्यामजल्यावर पोहोचत असे. गावात महारवाडा गावाच्या कडेला असतो आणि दुसऱ्या गावचा महारवाडा कोसभर दूर असतो. मुंबईच्या चाळीत रत्नागिरीचा, साताऱ्याचा, नगरचा, नाशिकचा माणूस एका नळावर आला. जात तीच होती, पण तिची बेरीज प्रथमच झाली. या बेरजेला राजकीय रूप देणारा नेता त्याच चाळीत राहत होता.

१९३६ सालच्या ३० आणि ३१ मे रोजी दादरच्या नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली. 'मुक्ती कोन पथे?' हे धर्मांतराची दिशा सांगणारे भाषण बाबासाहेबांनी तेथे केले. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या मतदारसंघातून बाबासाहेब निवडून आले. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला आणि कामगार मैदानावर अफाट सभा झाली. परळ, नायगाव, भायखळा, कामगार मैदान ही नावे नकाशावर मांडली तर ती दोनतीन मैलांत बसतात. आपल्या चळवळीचा एवढा मोठा भाग एवढ्या लहान जागेत घडला, हा योगायोग नव्हे. जेथे परवडणारी खोली होती तेथे माणूस होता आणि जेथे माणूस होता तेथे चळवळ होती.

तीन

आता बीडीडी चाळींकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई शिगेला पोहोचली होती, महागाई वाढली होती आणि गिरण्यांत संप होत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. त्यासाठी कर्ज उभारले गेले, आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा लांब व्हरांडा, १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्याच्या सामाईक संडासाची रांग. एका चाळीत ऐंशी खोल्या. एकूण खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास.

सिमेंट काँक्रीटच्या या चाळी बांधताना कामगाराला कोणी काही विचारले नव्हते. भाडे त्याच्या मजुरीला झेपणारे नव्हते. वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर आणि ओसाड वाटत असे. परिणामी, शहरात माणसे झोपड्यांत आणि एका खोलीत दहा-दहा राहत असताना वरळीच्या चाळी मोठ्या संख्येने रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने तेथे सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग केला! मजुरांसाठी बांधलेले घर तुरुंग म्हणून वापरता आले, यात त्या घराच्या रचनेविषयी सर्व काही आले.

भाडी उतरली, शहर उत्तरेकडे सरकले आणि हळूहळू या चाळी भरल्या. ज्यांना खाजगी चाळीत दार बंद होते त्यांच्या दृष्टीने सरकारी चाळीचे महत्त्व निराळे होते. येथे मालक हा व्यक्ती नव्हता. आडनावावर नाक मुरडणारा शेटजी नव्हता. भाडे भरले की पावती मिळत होती. पावतीवर जातीचा रकाना नव्हता. पिढ्यान्पिढ्या वतनाच्या आणि बलुत्याच्या नात्याने जगलेल्या माणसाला ही कागदाची पावती किती मोठी वाटली असेल, याची कल्पना पावत्या जपून ठेवणाऱ्या जुन्या कुटुंबांना विचारल्यावर येते.

पण म्हणून येथे जात गळून पडली काय? मुळीच नाही. सिमेंटच्या नकाशात जात आखलेली नव्हती. ती माणसांनी आणली. आपल्या गाववाल्याच्या, आपल्या नातलगाच्या शेजारी खोली घ्यायची, या साध्या ओढीतून काही चाळी मराठ्यांच्या झाल्या, काही कोकणातल्या इतर जातींच्या झाल्या, काही महारांच्या आणि १९५६ नंतर बौद्धांच्या झाल्या. एक मजला कमी, एक जिना जास्त, पण शिवेची रेषा पुन्हा उमटली. या रेषेचे दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही ध्यानात ठेवले पाहिजेत. एक अर्थ जखमेचा : गावाने शहरातही आपला पाठलाग केला. दुसरा अर्थ बळाचा : आपली चाळ म्हणजे आपला विहार, आपले वाचनालय, आपले मंडळ, आपली भीमजयंती. शिवडीच्या चाळीत राहून वामनदादा कर्डकांसारखा कवी घडला. गिरणीची पाळी करून माणसे रात्रशाळेत गेली, आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाल्यावर त्यांची मुले आणि काही वेळा ते स्वतःही पदवीधर झाले. १६० चौरस फुटांत अभ्यासाला जागा नसते. म्हणून व्हरांड्यातल्या दिव्याखाली, जिन्यात, मैदानात अभ्यास झाला. आपल्यापैकी अनेकांच्या पदव्यांवर या व्हरांड्याचे ऋण आहे.

आणि स्त्रियांचे काय? चाळीचे गोडवे गाताना पहाटेची नळावरची रांग, सामाईक संडास, पाळीप्रमाणे डबे, आणि घरात गावाकडून आलेल्या पाहुण्यांचा न संपणारा राबता, हे सारे कोणाच्या अंगावर पडत होते, ते विसरून चालणार नाही. खानावळ चालवून संसार ओढणारी बाई ही गिरणगावच्या अर्थव्यवस्थेचा पाया होती. तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. पण त्याच बाया परिषदांना गेल्या, सभांत बोलल्या, महिला मंडळे त्यांनी चालवली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणले, तेव्हा कोठे या इतिहासाचा एक कोपरा उजेडात आला.

चार

चाळीतली ती अदृश्य रेषा १९७४ साली रक्ताने दिसली. १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली होती. तिची पाळेमुळे मुंबईच्या याच वस्त्यांत होती. त्याच वर्षी नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने मराठी कवितेला तिने कधी न पाहिलेली मुंबई दाखवली. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि पँथरने बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानावर पँथरची सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांचा लाठीमार झाला, आणि दंगल पेटली. ती वरळीहून नायगावला गेली आणि पुढे काही महिने धुमसत राहिली. १० जानेवारीच्या परळमधील मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. पोलीस गोळीबारात रमेश देवरूखकर गेला. वरळीच्या काही खोल्यांत पोलीस कुटुंबेही राहत होती. बौद्ध वस्तीवर पोलिसांनी जो पक्षपात केला, त्याच्या तक्रारी या पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात. सरकारला न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

या दंगलीने एक भ्रम फोडला. एका गिरणीत काम, एका नळाचे पाणी, एका मजल्याचा संडास एवढ्याने वर्ग तयार होतो आणि जात आपोआप विरघळते, असे सांगणारे पुष्कळ होते. चाळीस-पन्नास वर्षे शेजारी राहिलेल्या माणसांच्या हाती दगड आले तेव्हा ते उचलताना समोरच्याचा पगार कोणी विचारला नाही. शेजार हा समतेची संधी देतो; समता देत नाही. तिच्यासाठी वेगळा लढा करावा लागतो.

तरीही हेही सांगितले पाहिजे की, दंगलीनंतर ही माणसे पुन्हा त्याच नळावर आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या चाळींतल्या चुली एकदमच विझल्या. संप संपला असे कोणी जाहीर केले नाही. गिरण्या मात्र संपल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागेला आणि परवडणाऱ्या घरांना राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा पार आकसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणीच्या भोंग्याच्या जागी काचेचे मनोरे आले. चाळी मात्र होत्या तेथेच राहिल्या, आणि एके दिवशी असे दिसून आले की, देशातल्या सर्वात महाग जमिनींपैकी काही जमिनींवर कामगारांची आणि बौद्धांची मुले राहत आहेत.

पाच

२०१७ साली बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. वरळीतल्या कामाचा प्रारंभ २०२१ साली झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. या घराला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांनी शंभर वर्षे मजल्याच्या टोकाला बादली घेऊन रांग लावली, त्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळणे ही सौंदर्यदृष्टीची नव्हे, प्रतिष्ठेची बाब आहे. चाळ 'वारसा' म्हणून तशीच राहावी, असे म्हणणारा बहुधा दुसरीकडे राहत असतो.

प्रश्न वेगळे आहेत. पहिला : हे घर 'फुकट' नाही. या चाळींसाठी कर बसला तो कापसावर, म्हणजे ज्या धंद्यात याच लोकांचा घाम होता त्या धंद्यावर. शतकभर भाडे गेले ते मजुरीतून. ओसाड वरळीला वस्तीचे रूप आणले ते राहणाऱ्यांनी. जमिनीची किंमत ज्यांच्या श्रमाने वाढली त्यांना त्या किमतीचा लहानसा अंश मिळणे याला भीक म्हणत नाहीत.

दुसरा : मालकीचे घर टिकेल काय? उंच इमारतीचा देखभाल खर्च, उद्वाहनाचे बिल, वाढते कर हे कंत्राटी नोकरी करणाऱ्या मुलाला झेपले नाहीत तर घर विकले जाईल. मग जे प्लेगच्या काळातील पाडापाडीने झाले तेच बाजाराच्या वाटेने होईल. आणि विकून बाहेर पडलेला माणूस घर शोधायला जाईल तेव्हा त्याला पुन्हा आडनाव विचारले जाईल. हा भूतकाळ नाही. २००५ साली पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली. राजधानी दिल्लीच्या परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत भाड्याच्या घरासाठी दलित आणि मुसलमान अर्जदारांना मिळणारे नकार नोंदले गेले आहेत. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. त्या नावातला प्रश्न शहरात खोली शोधणाऱ्या तरुणापुढे अजून उभा आहे.

तिसरा प्रश्न संघटनेचा. चाळीचा व्हरांडा हे आपले सभागृह होते. मनोऱ्यात दार लावले की शेजार संपतो. विहार, वाचनालय, अभ्यासिका, जयंतीचे मैदान यांना नव्या आराखड्यात नुसती जागा नव्हे तर हक्काची जागा हवी. ती मागण्याची वेळ चाव्या मिळण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे.

आणि शेवटचा प्रश्न आपल्यासारख्या शिकलेल्यांचा आहे. चाळी पडतील, त्यांच्याबरोबर भाड्याच्या पावत्या, मंडळांच्या वह्या, सभांची पत्रके, आणि मुख्य म्हणजे सांगणारी माणसे जातील. आपल्या महाविद्यालयांत इतिहास शिकणारे कितीतरी विद्यार्थी या वस्त्यांतून येतात आणि परीक्षेत व्हाइसरॉयांची नावे लिहितात. त्यांना खोलीखोलीत पाठवले पाहिजे. कोण कोणत्या गावाहून आले, खोली कशी मिळाली, आधी किती ठिकाणी नाकारली गेली, १९३६ च्या परिषदेला घरातले कोण होते, १९७४ च्या जानेवारीत दाराला कडी कोणी लावली आणि शेजाऱ्याला आत कोणी घेतले, हे सर्व तारीखवार लिहून काढले पाहिजे. सरकारी दप्तरात चाळीचा क्रमांक सापडेल, खोलीचा क्रमांक सापडेल, थकलेले भाडेही सापडेल. त्या खोलीत माणूस ताठ उभा कसा राहिला, हे त्या दप्तरात नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.